घटनेची विहीर

लहानपणी मी त्या विहिरीजवळ कधी एकटी गेले नाही. मे महिन्यात सांगलीहून एस.टी.नं आटपाडीला उतरायचं, पुढे दोन कोस बैलगाडी, आणि गावात शिरताना चावडीच्या अलीकडे डाव्या हाताला ती दिसायची. गोल, काळ्या दगडात बांधून काढलेली, कमरेएवढा कठडा, दगडी खांबांवर चार रहाट आणि बाजूला गुरांसाठी दगडाची लांबट डोणी. गावात तिला सगळे ‘घटनेची हीर’ म्हणत. गुरं कुठं नेली? घटनेवर. पाणी कुठलं? घटनेचं. मी शहरात वाढलेली. घटना म्हणजे काहीतरी घडलेलं, आणि विहिरीत जे घडतं ते चांगलं नसतं, एवढं मला कळत होतं. कुणीतरी सासुरवाशीण तिथे गेली असणार असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिन्हीसांजेला त्या वाटेनं जाताना आजीचा पदर घट्ट धरत असे.

सहावीत असताना एकदा धीर करून आबांना, म्हणजे आजोबांना, विचारलं. ते कठड्याला टेकून सुपारी कातरत होते.

“आगं, हितं काय बी वंगाळ घडलं न्हाई,” ते म्हणाले. “घटना म्हंजे राज्याची घटना. राजानं राज्य रयतंच्या हातात दिलं, तवा गावानं ही हीर पाडली.”

“घटना १९५० ची,” मी शाळेतलं सांगितलं. “बाबासाहेबांनी लिहिली.”

“ती देशाची. आमची तिच्या आदुगर अकरा वरसं.”

माझ्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. म्हातारी माणसं सांगतात तशा गोष्टी आबा सांगतात, असंच मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. मग कॉलेजात असताना डिटमार रॉदरमुंड या जर्मन इतिहासकाराचं औंध संस्थानातल्या या प्रयोगावरचं पुस्तक हाती पडलं. परक्या देशातल्या एका विद्वानानं आमच्या चावडीच्या कारभारावर पुस्तक लिहिलं होतं, आणि आबांच्या राज्याची गोष्ट त्यात खरी म्हणून छापलेली होती. त्या सुट्टीत मी वही-पेन घेऊन गावाला गेले. आबा तेव्हा पंचाहत्तरीत होते. आजी थोडी लहान, पण तिची आठवण आबांच्यापेक्षा पक्की होती, आणि आबा जिथं थांबत तिथून ती पुढे सांगे.

आमचं गाव औंध संस्थानातलं. हे संस्थान एका जागी कधी नव्हतंच. औंध आणि किन्हई साताऱ्याकडे, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात, आटपाडी माणदेशात, आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला, कानडी मुलखात. ७२ गावं, सुमारे ५०० चौरस मैल, माणसं लाखाच्या आत. मधल्या जागेत कुठे इंग्रजांचा अंमल, कुठे दुसरं संस्थान. आटपाडीचा माणूस राजधानीला निघाला की परक्या राज्यातून जाऊन पुन्हा आपल्या राज्यात शिरायचा. उत्पन्न बेताचं. आमचा मुलूख तर पाऊस आला तर आला, नाही तर मेंढरं घेऊन बाहेर पडा, असा.

राजे भवानराव, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८ चा, म्हणजे घटनेच्या वेळी सत्तरी ओलांडलेली. महाराष्ट्राला ते सूर्यनमस्काराचे राजे म्हणून माहीत आहेत. संस्थानातल्या शाळांत नमस्कार घालावेच लागत, आणि आबा ऐंशीव्या वर्षीही पहाटे बारा नमस्कार घालत ते त्या शाळेच्या सवयीनं. राजे स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत. आजीनं त्यांचं कीर्तन आटपाडीला ऐकलं होतं, आणि राजा उभा राहून गातोय नि रयत बसून ऐकतेय याचं नवल तिला शेवटपर्यंत होतं. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली ती त्यांच्या लाख रुपयांच्या वचनावर. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचं निवडुंगानं भरलेलं माळरान दिलं तेही त्यांनीच. आज ते किर्लोस्करवाडी आहे. औंधला यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेलं संग्रहालय ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा पाहावं. रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या दगडी मायलेकरांपर्यंत तिथे काय काय आहे, आणि तेही खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर.

पण एवढ्यावर ते फक्त एक चांगले राजे राहिले असते. चांगला राजा लाभणं हा रयतेच्या नशिबाचा भाग असतो, आणि नशीब वारसाबरोबर बदलतं. ही गोष्ट त्यांच्या मुलानं ओळखली. अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परत आले होते. बंगळूरला त्यांची गाठ मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरशी पडली. फ्रीडमन जन्मानं वॉर्साचे ज्यू, बंगळूरच्या सरकारी वीजसामानाच्या कारखान्याचे प्रमुख, आणि मनानं गांधींचे. अप्पासाहेब त्यांना औंधला घेऊन आले. भगवी वस्त्रं नेसलेला हा गोरा माणूस गावोगाव पायी हिंडायचा. त्यांचं नाव भारतानंद झालं होतं. आबा त्यांना ‘गोरं बुवा’ म्हणत. पुढे मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेऊन जगभर पोहोचवणारे फ्रीडमन ते हेच, हे आबांना मी सांगितलं तेव्हा ते नुसते “हां” म्हणाले. त्यांच्या लेखी बुवांचं मोठं काम आधीच होऊन गेलं होतं.

१९३८ च्या अखेरीस राजांनी जाहीर केलं की राज्यकारभार आपण प्रजेच्या हवाली करणार. मसुद्याचं काम फ्रीडमन आणि अप्पासाहेबांचं. सल्ल्यासाठी ते वर्ध्याला गांधीजींकडे गेले, आणि तिथे आराखड्याचा पाया गावात घातला गेला. २१ जानेवारी १९३९ ला राजांनी घटनेवर सही केली. प्रत्येक गावानं आपले पाच पंच निवडायचे. पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती, आणि तालुक्यांतून निवडलेल्या माणसांचं औंधचं विधिमंडळ. गावातले तंटेही पहिल्यांदा पंचायतीपुढेच चालायचे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आबा जी बोटांवर मोजून सांगत: तालुक्यात गोळा होणाऱ्या महसुलातला अर्धा तालुक्यालाच परत.

“रुपयातलं आठ आणं,” आबा म्हणत. “मागायला जायाचं न्हाई. अर्ज न्हाई, मुजरा न्हाई. आठ आणं आमचंच.”

आता विहीर.

आमच्या गावाला तोवर पिण्याचं पाणी दोन ठिकाणी. ओढ्यात झरा खणून, नाहीतर पाटलांच्या मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर. पाटलांनी कधी कुणाला अडवलं नाही, असं आबा सांगत. पण कुणी न अडवणं आणि स्वतःचं असणं यात फरक आहे. माझ्या आजीला तो आबांच्या आधी कळला असावा, कारण हंडा तिच्या डोक्यावर होता. नव्या पंचायतीत पहिला विषय निघाला तो विहिरीचा. जागा ठरायला वेळ लागला नाही, भांडण झालं ते पायऱ्यांवरून. म्हाताऱ्यांचं म्हणणं, विहिरीला पायऱ्या हव्यात, बायका-पोरांना उतरून घागर बुडवता येते. देवी टोचायला येणाऱ्या कारकुनानं चावडीत सांगून ठेवलं होतं की नारू पायऱ्यांमुळे पसरतो. रोग्याचा पाय पाण्यात पडला की पाणी नासतं आणि ते पिणाऱ्याच्या अंगात नारू जातो, तेव्हा विहीर बांधा तर वरून शेंदायची बांधा. यावर विश्वास कुणाचा बसेना.

आजीला माहेरी असताना नारू झाला होता. घोट्याजवळून निघालेला तो दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचा, मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिना महिना खिळून पडायचा. चावडीत जाऊन बोलायची बाईमाणसाची रीत नव्हती. पण ओढ्यावर धुणं धुताना गावातल्या बायांनी हा विषय घेतला, आणि आजीनं आपला घोटा सगळ्यांना दाखवला. त्या रात्री घराघरांत काय बोलणं झालं ते कुठल्या वहीत नाही. दुसऱ्या बैठकीत पाचातले चार पंच बिनपायऱ्यांच्या विहिरीच्या बाजूनं उभे राहिले. आबा म्हणायचे, कारकुनानं पटवून दिलं. आजी काही म्हणायची नाही, फक्त लुगड्याचा काठ जरा वर करून घोट्यावरचा पांढरा वण मला दाखवायची.

पैसा आठ आण्यांतला, पण तेवढ्यात काम होणार नव्हतं. सुरुंगाची दारू, चुना, रहाटाचं लाकूड आणि गवंड्याची मजुरी पंचायतीनं द्यायची, बाकी अंगमेहनत गावाची. उंबऱ्यामागं आठवड्याला एक माणूस, असा ठराव झाला. ज्याला येणं नाही त्यानं बदली माणूस द्यायचा, नाहीतर दिवसाची मजुरी भरायची. वर मुरूम लागला, दहा हातांवर काळा खडक. त्यानंतर पहार, छिन्नी, सुरुंग. दोन उन्हाळे काम चाललं. पाणी लागलं ते एकविसाव्या हाताला.

आबा तेव्हा चोवीस वर्षांचे, मराठी सातवी झालेले. गावात लिहिता येणारी माणसं थोडी, म्हणून पंचांनी वही त्यांच्याकडे सोपवली. कोणत्या उंबऱ्यातून कोण आलं, किती दिवस, दारू किती आणली, चुन्याच्या गाड्या किती. दर शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं ती वही मोठ्यानं वाचायची. ठराव पंचायतीचाच होता, आणि माझ्या मते त्या विहिरीतला सगळ्यात मोलाचा दगड तो आहे.

एका शनिवारी आबा वाचत असताना एक म्हातारी उठली. आबांच्या थोरल्या भावाच्या नावावर दोन दिवस मांडलेले होते. म्हातारी म्हणाली, “त्या दोन दिसाला ह्यो करगणीच्या बाजारात हुता. मी बघितलाय.” आबांनी भावाला खाडे नकोत म्हणून दिवस मांडून टाकले होते. हे सांगताना त्यांचा आवाज पन्नास वर्षांनंतरही खाली गेला. पंचांनी त्यांना वही सोडायला सांगितलं नाही. चौघांदेखत दोन दिवस खोडायला लावले आणि ते दोन दिवस खुद्द आबांनी खाली उतरून भरले. “त्याच्या फुडं,” आबा म्हणाले, “लिवताना मला त्या म्हातारीचं त्वांड दिसायचं.”

विहीर पुरी झाली त्या वर्षी राजे मुलखात फिरतीवर आले होते. त्यांची मोटार गावात आली तेव्हा पोरांनी चावडीपुढं रांगेत नमस्कार घालून दाखवले. राजांनी कठड्यावरून वाकून पाणी पाहिलं आणि म्हणाले, वही वाचा. आबांनी वाचली. संपेपर्यंत राजे उभे होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त, १९५५ च्या त्या कादंबरीत, तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत तालीम बांधायचं मनावर घेतो, वाडी दगडमाती वाहते आणि तालमीच्या समारंभाला औंधचे राजे येतात. ती मी प्रथम वाचली तेव्हा आमच्याच गावचं कुणीतरी लिहून ठेवल्यासारखं वाटलं. माडगूळकर बंधू आटपाडीच्याच मुलखातले. त्यांनी जे लिहिलं ते त्या दिवसांत गावागावांत होत होतं.

आटपाडीजवळ फ्रीडमन यांच्याच कल्पनेतून स्वतंत्रपूर उभं राहिलं. जन्मठेपेच्या कैद्यांची वसाहत, तिला भिंत नाही, बेड्या नाहीत, कैद्यानं बायकापोरांसह राहायचं आणि शेती करायची. आबा एकदा बैल विकत घ्यायला निघाले असता वाटेत तिथे पाणी प्यायले, आणि पाणी देणारा खुनाची शिक्षा भोगतोय हे त्यांना नंतर कळलं. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली आला त्याची कथा गदिमांची, आणि तिचं मूळ या माळावर. स्वतंत्रपूर अजून आहे.

इथपर्यंत आबांची गोष्ट. ती सांगून झाली की ते पानाचा डबा उघडत. एका दुपारी ते झोपले असताना आजीनं मला उरलेली सांगितली.

विहिरीत सुरुंग भरायचं जोखमीचं काम महारवाड्यातल्या माणसांनी केलं होतं. छिन्नीनं खडक त्यांनीच फोडला. एकाच्या हाताची दोन बोटं गेली. पाणी लागलं, नारळ फुटला, चार रहाट बसले, आणि त्यातला एकही त्यांचा नव्हता. त्यांच्या बायका घागरी घेऊन डोणीपाशी बसत आणि कुणी दयेनं वरून ओतेल तेव्हा भरत. “खडक त्येंनी फोडला,” आजी म्हणाली, “आन् पानी आमी वाढायचो. मी बी वाढलंय.”

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. म्हणजे आमच्या विहिरीचा पहिला सुरुंग उडाला तेव्हा त्याला बारा वर्षं होऊन गेली होती. राज्य रयतेच्या हातात आलं होतं हे खरं, पण गावानं रयत कुणाला म्हणायचं हे आधीच ठरवून ठेवलं होतं. याच आटपाडीच्या महारवाड्यात १९२१ साली शंकरराव खरात जन्मले. त्यांचं ‘तराळ-अंतराळ’ वाचल्याशिवाय औंधच्या प्रयोगाबद्दल कुणी गौरवानं बोलू नये असं मला वाटतं. मी स्वतः आधी उलट क्रमानं वाचलं, ही माझी चूक झाली.

मी आजीला विचारलं, मग बदललं कधी?

संस्थान ८ मार्च १९४८ ला विलीन झालं. आटपाडीचा भाग दक्षिण साताऱ्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात गेला. त्याआधी बेचाळीसच्या चळवळीत कुंडलच्या पोरांनी नाना पाटलांच्या प्रतिसरकारात काय केलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यात औंधच्या हद्दीचा आसरा किती होता तेही जुनी माणसं सांगतात. १९५१ साली राजे गेले. अप्पासाहेब त्याआधीच नैरोबीला भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ ला आला. आमच्या विहिरीवर मात्र तो यायला आणखी सहा-सात वर्षं लागली. मुंबईच्या गिरणीत कामाला असलेला महारवाड्यातला एक तरुण दिवाळीला गावी आला, आणि पाडव्याच्या सकाळी सरळ रहाटावर जाऊन त्यानं पोहरा सोडला. त्याच्यामागं त्याची आई घागर घेऊन उभी.

चावडीत गाव जमलं. बाचाबाची वाढली. मग आबा उठले, घरी गेले आणि माळ्यावरची पेटी उतरवून ती वही घेऊन आले. त्यांनी ती पुन्हा वाचली, शनिवारच्या वाचनासारखी, पहिल्या पानापासून. कोणत्या उंबऱ्यातून किती दिवस. महारवाड्यातल्या अकरा उंबऱ्यांचे दिवस पाटलांच्या वाड्यापेक्षा जास्त निघाले, आमच्या घरापेक्षाही. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘हीर कुणाची?’

“ते उठलं खरं,” आजी म्हणाली. “पर वही वीस वरसं पेटीत हुती, आन् ती यांनीच लिवल्याली. आधी का न्हाई उठलं, त्ये त्यास्नीच इचार.”

मी विचारलं नाही. आबा १९९६ साली गेले. ते विचारायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पण एक गोष्ट मी त्या दिवसापासून पक्की धरून आहे. त्या सकाळी गावात शहाणपण अचानक उगवलं नव्हतं. हिशेब लिहिलेला होता, सगळ्यांदेखत वाचलेला होता, म्हणून त्याला कुणी खोटा म्हणू शकलं नाही. नुसती माया किंवा नुसता कायदा त्या चावडीत हरला असता.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावानं खडी फोडली. आबाही गेले, साठीच्या जवळ असताना. त्या कामानं माणसं जगली, आणि रोजगार हमीची कल्पना ज्यांनी रुजवली ते वि. स. पागे आमच्याच जिल्ह्यातले, विसापूरचे, याचा मला अभिमान आहे. पण आबा म्हणत, विहिरीवर राबताना दगड कुठं बसणार ते ठाऊक होतं, इथं खडी कुठं गेली ते कळलं नाही. हजेरी दुसऱ्यानं लिहिली आणि कुणी वाचून दाखवली नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि १९९३ पासून पंचायत देशाच्या घटनेत जाऊन बसली. आबांनी ते पेपरात वाचलं तेव्हा नाकावरचा चष्मा काढून म्हणाले, “मंजे आमचं खरं हुतं.”

नळयोजना आल्यावर विहिरीचे रहाट गेले. खांब उरले. मग गणपती, निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाच्या तरी घराचा राडारोडा. मी मुलांना घेऊन गेले त्या वर्षी आत डोकावलं आणि पटकन मागे झाले. आबा नाहीत हे बरं, असं वाटलं.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागलं तेव्हा गावाला ती आठवली. ग्रामसभेत विषय निघाला. ग्रामपंचायतीनं यंत्र आणि डिझेलचा खर्च उचलला, गाळ वर ओढायला आणि कठड्याचे निखळलेले दगड पुन्हा बसवायला गाव उतरलं. पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या पोरांनी पैसे पाठवले, पण सरपंचबाईंनी त्यांना निरोप दिला की पैसे ठेवा, दोन दिवस या. आले. मीही गेले. बावन्नाव्या वर्षी पाट्या वाहिल्या, आणि चौथ्या दिवशी तळाचा काळा खडक उघडा पडला. त्यावर छिन्नीचे घाव अजून स्पष्ट होते. अकरा उंबऱ्यांपैकी एका घरातले आजोबा कठड्याशी खुर्ची टाकून बसले होते. पाडव्याला पोहरा सोडणाऱ्या त्या तरुणाचे ते धाकटे भाऊ. त्यांनी मला बोटानं दाखवलं, इथं माझ्या बापाची बोटं गेली.

काम संपल्यावर सरपंचबाईंनी मारुतीच्या देवळापुढं हिशेब वाचला. डिझेल किती, विहिरीच्या तोंडावर टाकलेली जाळी किती, कोण किती दिवस. त्यांना आबांची वही माहीत नव्हती. मी घरून ती नेली होती, पानं पिवळी, शाई तपकिरी झालेली. वाचून झाल्यावर ती त्यांच्या हातात दिली. आता ती ग्रामपंचायतीच्या कपाटात नव्या वहीशेजारी आहे आणि कुणालाही बघायला मिळते.

टेंभूच्या योजनेनं कृष्णेचं पाणी आता आमच्या तालुक्यात आलं आहे. माणदेशात डाळिंबाबरोबर ऊस दिसू लागला आहे. पाणी वाढलं तसं वाटपाचे प्रश्नही वाढले, आणि ते प्रश्न ग्रामसभेतच यायला हवेत. पण आमच्या ग्रामसभेला माणसं जमत नाहीत. कायद्यानं मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी असेल तेवढी लागतात. हजारावर मतदार असलेल्या गावात ती शंभर भरत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीच लागत नाही. मग दहा-वीस माणसं बसतात, सह्या होतात. गावाचे पैसे कुठं लागले ते बाकीचे पुढच्या निवडणुकीत एकमेकांना विचारतात. १९३९ साली आठ आण्यांसाठी आमच्या गावानं दर शनिवारी जे केलं, ते आज वर्षातून चार वेळाही आम्हाला जड जातं, आणि त्याचा दोष मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही. मी स्वतः वीस वर्षं एकाही ग्रामसभेला गेले नव्हते.

येत्या २ ऑक्टोबरला आमच्या गावची ग्रामसभा आहे, सकाळी दहाला, देवळापुढं. तिच्या आदल्या दिवशी महिलांची सभा आहे. मी दोन्हींना जाणार आहे. तुमच्याही गावात त्याच सुमारास असेल. जा. आणि हिशेब मोठ्यानं वाचायला सांगा.